साखर आणि उदासी: आधी काय आले, आणि आधी कोणाकडे जावे?

पेठकर

नमस्कार. लिखाण थोडे लांबेल, पण सगळे सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. घरात त्यांना सगळे आबा म्हणतात. मधुमेह होऊन त्यांना चौदा वर्षे झाली. मार्केट यार्डात गुळाच्या एका अडतीवर ते दिवाणजी होते. आयुष्य किर्द-खतावणीत गेल्यामुळे साखरेचीही त्यांनी तशीच वही घातली: तारीख, उपाशीपोटीचा आकडा, जेवणानंतरचा आकडा, आणि शेवटच्या रकान्यात एका शब्दाचा शेरा. ‘लग्न’, ‘प्रवास’, ‘आंबा’. वहीतली एकही ओळ कधी रिकामी राहिली नाही. पहाटे कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाला फेरी आणि परत येताना गंगावेशीत मित्रांबरोबर अर्धा तास, हा क्रमही वर्षानुवर्षांचा होता.

दिवाळीपासून हे सगळे थांबले. पहाटे तीनला जाग येते आणि ते पलंगावर तसेच बसून राहतात. अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवतात. मित्र घरी आले तर झोपल्याचे सांगायला लावतात. काही विचारले की “आता काय करायचंय?” एवढेच उत्तर येते. साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी, टक्क्यांत) ७.२ होती, ती ९.८ झाली. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि पथ्य पाळा म्हणून दोनदा बजावले.

गेल्या आठवड्यात मी त्यांची वही उघडली. उपाशीपोटीचा आकडा सलग अठरा दिवस १३२ होता. अक्षर तेच, रेघा तशाच सरळ, शेऱ्याचा रकाना मात्र कोरा. मग मी मीटरमधल्या जुन्या नोंदी पाहिल्या. शेवटची नोंद अडीच महिन्यांपूर्वीची निघाली. पट्ट्यांची नवी डबी न उघडता कपाटात पडली होती.

ज्या माणसाने चाळीस वर्षांत हिशेबात एक रुपया इकडचा तिकडे केला नाही, त्याने स्वतःच्या साखरेचा खोटा आकडा लिहावा, हे मला फार लागले आहे. साखर वाढल्यामुळे मन असे झाले, की मन असे झाल्यामुळे साखर वाढली? आणि त्यांना आधी कोणाकडे न्यावे?

संध्यादीप

आमच्या आईचे अगदी असेच झाले होते. आम्ही त्याला वय म्हणालो आणि एक वर्ष गमावले. आपण एका वहीवरून हे ओळखलेत, हे फार चांगले झाले. त्या खोट्या आकड्यांबद्दल त्यांना काहीही बोलू नका, एवढे मात्र आवर्जून सांगते.

निदान

पेठकर, मी फिजिशियन आहे आणि गेली अनेक वर्षे कोल्हापुरात मधुमेहाचे रुग्ण पाहतो. रुग्णाला न तपासता निदान करता येत नाही, म्हणून आबांना काय झाले आहे हे मी सांगणार नाही. मधुमेह आणि मन यांचा संबंध कसा असतो, तेवढे सांगतो.

‘आधी काय’ या प्रश्नाचे उत्तर असे आहे की रस्ता दोन्ही बाजूंनी चालू असतो. मधुमेह असलेल्या माणसांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट आढळते. उलट बाजूने, ज्यांना आधी नैराश्य आहे त्यांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोकाही वाढलेला दिसतो. ‘आजार झाला म्हणून माणूस खचला’ एवढेच कारण असते, तर दुसरी बाजू दिसली नसती.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो, आणि तीही मुख्यतः ग्लुकोजची. इन्सुलिनचे काम स्नायू, यकृत आणि चरबी यांच्यापुरतेच आहे असे पूर्वी समजत. १९७८ साली उंदरांच्या मेंदूत इन्सुलिनची ग्राहके सापडली. ग्राहक म्हणजे पेशीवरचे कुलूप, ज्यात इन्सुलिनची किल्ली बसते. ही कुलपे भूक सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसमध्ये आहेत, तशीच स्मृती आणि भावना यांच्याशी संबंध असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्येही आहेत.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या फक्त मेंदूतली ही ग्राहके काढून टाकली. वय वाढल्यावर त्या उंदरांत भीती आणि नैराश्यासारखे वागणे दिसू लागले. डोपामिन हे रसायन आपल्याला एखाद्या गोष्टीसाठी उठायला लावते. त्याचे विघटन करणारे मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर या उंदरांच्या मेंदूत वाढले होते, आणि त्याला रोखणारे औषध दिल्यावर वागणे सुधारले. हा उंदरांवरचा प्रयोग आहे, माणसाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. पण इन्सुलिनचे काम बिघडले तर मनाची रसायनेही बिघडू शकतात, हे त्यातून नीट दिसले.

मनःस्थितीशी संबंध असलेल्या सेरोटोनिन या रसायनाचा मार्गही असाच गुंतलेला आहे. ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून तयार होते. रक्तातून मेंदूत जाताना ट्रिप्टोफॅनला इतर मोठ्या अमिनो आम्लांशी एकाच दारात रेटारेटी करावी लागते. इन्सुलिन त्या इतरांना स्नायूंकडे वळवते, तेव्हा ट्रिप्टोफॅनला वाट मिळते. शिवाय मधुमेहात, विशेषतः पोटावर चरबी असताना, शरीरात मंद दाह चालू राहतो आणि या दाहामुळे ट्रिप्टोफॅनचा काही भाग सेरोटोनिनऐवजी कायन्युरेनिन नावाच्या दुसऱ्याच वाटेला लागतो.

टाइप १ मधुमेहाच्या (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) रुग्णांच्या मेंदूची चुंबकीय तपासणी करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कपाळामागच्या भागात ग्लुटामेट आणि त्याच्याशी संबंधित रसायनांची पातळी जास्त आढळली, आणि ती जिथे जास्त होती तिथे उदासीची लक्षणेही जास्त होती. ग्लुटामेट हा मेंदूतला मुख्य उत्तेजक संदेशवाहक आहे. तो हवाच, पण प्रमाणात.

आता उलट बाजू. दीर्घकाळच्या ताणात आणि नैराश्यात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढलेले राहते. कॉर्टिसॉल यकृताला साखर सोडायला लावते आणि इन्सुलिनचा परिणाम बोथट करते. आबा पहाटे तीनला जागे होऊन बसतात असे आपण लिहिले आहे. पहाटे कॉर्टिसॉल सगळ्यांचेच चढत असते; झोप मोडलेल्या, खचलेल्या माणसात त्याचा सकाळच्या साखरेवर आणखी परिणाम होतो. त्यांनी रात्री काही खाल्ले नसले, तरी सकाळचा आकडा वाढलेला येऊ शकतो. ‘पथ्य पाळत नाही’ हा ठपका अशा वेळी फार अन्यायाचा ठरतो.

गूळभट्टी

निदान सरांचे सगळे वाचले आणि आदरही आहे, पण मला हे पूर्ण पटत नाही. आमचे घर तीन पिढ्यांचे गुऱ्हाळाचे. आजोबा हंगामात रोज वाटीभर काकवी प्यायचे आणि ८१ व्या वर्षापर्यंत त्यांना साखर झाली नाही, उदासीही नाही. चुलवाणापुढे पहाटेपासून उभे राहायचे, कायलीतला रस ढवळायचे, वाफ्यात पाक ओतायचे. अंग मोडून काम करणाऱ्याला मनाचे आजार आठवत नाहीत. आता माणूस खुर्चीत बसतो, बसल्या जागी विचार करतो, आणि मग त्या विचारांना रसायनांची नावे मिळतात. पेठकरांनी वडिलांना हाताला धरून पुन्हा रंकाळ्यावर न्यावे. गोळ्या वाढवून काही होणार नाही असे माझे प्रामाणिक मत आहे.

निदान

गूळभट्टी, आजोबांबद्दलचे निरीक्षण अगदी खरे आहे, आणि त्याचे कारणही माहीत आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातले ग्लुकोज आत ओढतो. दिवसभर कायलीपाशी राबणाऱ्या माणसाची काकवी त्याच्या दंडांनी आणि मांड्यांनी संपवलेली असते. व्यायामाने मनालाही उभारी येते, आणि सौम्य नैराश्यात त्याचा चांगला उपयोग होतो.

तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी. चाललेच पाहिजे हे आबांना आपल्या दोघांपेक्षा जास्त ठाऊक आहे. ते चौदा वर्षे चाललेले आहेत. माहिती तीच आहे, रस्ताही तोच आहे. पलंगावरून उठवणारे बळ नेमके कमी पडले आहे. पाय मोडलेल्याला आपण चालण्याचे फायदे सांगत नाही.

नीलमोहर

मी २८ वर्षांची आहे आणि अकराव्या वर्षापासून टाइप १ सोबत जगते आहे. ‘नैराश्य’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात, म्हणून लिहिते आहे.

पहिली गोष्ट साखर उतरण्याची. एकदा मध्यवर्ती बसस्थानकावर गाडीची वाट पाहत होते. अचानक सगळे निरर्थक वाटू लागले. आईचा फोन आला तर तिच्यावर ओरडले, मग रडू आले, हात थरथरू लागले, पाठीवरून घाम ओघळला. शेजारच्या बाईंनी विचारले, “बाळ, घरी काही झालंय का?” मी मीटर लावला तर ५४. चार बिस्किटे आणि उसाचा रस घेतल्यावर वीस मिनिटांत जग पुन्हा जागेवर आले. ते दुःख खोटे नव्हते, पण ते नैराश्यही नव्हते. साखर ७० च्या खाली गेली की मेंदू संकटाची घंटा वाजवतो, आणि आपल्याला ती भीती किंवा राग म्हणून ऐकू येते.

दुसरी गोष्ट थकव्याची. दिवसाला चार वेळा बोट टोचले तरी वर्षाला १,४६० वेळा होते. प्रत्येक घासाचा हिशेब, प्रत्येक आकड्याची परीक्षा, आणि आकडा चुकला की समोरच्याचा चेहरा. दहावीच्या निकालापेक्षा मला तीन महिन्यांच्या सरासरीची जास्त धास्ती वाटत आली आहे. याला मधुमेहाचा मानसिक ताण म्हणतात आणि तो नैराश्याहून वेगळा मोजला जातो, हे मला पंचविसाव्या वर्षी कळले.

तिसरी गोष्ट खऱ्या नैराश्याची. ते मला २०१९ च्या महापुरानंतर आले. पंचगंगेचे पाणी आमच्या गल्लीत शिरले, वीज गेली, इन्सुलिनच्या कुप्या आईने ओल्या माठात पिशवीत बांधून ठेवल्या आणि त्या शेवटपर्यंत चांगल्या राहिल्या. त्या दिवसांत मी अगदी खंबीर होते. पाणी उतरले, घर धुऊन झाले, आणि त्यानंतर दोन महिन्यांनी मला अंथरुणातून उठवेना. साखर १२० असो की ३२०, आत काही हलत नव्हते. मला औषध आणि समुपदेशन या दोन्हींचा उपयोग झाला.

पेठकर दादा, आबांनी खोटे आकडे का लिहिले असतील, याचा अंदाज मला करता येतो. मीही लिहिले आहेत. कोऱ्या रकान्याचा जाब विचारला जातो, १३२ चा विचारला जात नाही.

पेठकर

नीलमोहर ताई, तुमचे शेवटचे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबलो. आम्ही खरोखरच रोज संध्याकाळी त्यांना विचारत होतो, “आज किती आली?” दुसरे काही विचारतच नव्हतो.

शाहूपुरीकर

याच संदर्भात आपल्या गावाबद्दल एक सांगतो. कोल्हापुरात माणसाची विचारपूस ताटातून होते. पंगतीत दुसऱ्यांदा पांढरा रस्सा नको म्हटले की तब्येतीची चौकशी सुरू होते आणि तिसऱ्यांदा नको म्हटले की यजमानाला अपमान वाटतो. मधुमेह झाला तेव्हा माझे गोड सुटले याचे मला दुःख झाले नाही. आमंत्रणे कमी झाली याचे झाले. “त्याला पथ्य आहे, कशाला त्रास द्यायचा” म्हणून लोकांनी प्रेमाने बोलावणे बंद केले. दोन वर्षांत माझे मित्र अर्धे झाले. मेंदूच्या रसायनांचे मला कळत नाही, पण माणसे तुटल्यावर मन कसे होते ते मी अनुभवले आहे. आबांच्या गंगावेशीतल्या मित्रांना विश्वासात घ्या.

अक्षरवाट

मी संस्कृत शिकवते, म्हणून थोडी भर घालते. रोग वाढवणाऱ्या गोष्टींत अग्रस्थानी कोण, तर ‘विषाद’, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात म्हटले आहे. आणि प्रमेहाची (मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराची) कारणे सांगताना त्याच ग्रंथात बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य यांच्या बरोबरीने गुळाचे पदार्थही येतात. गूळभट्टींनी सांगितलेले श्रमाचे महत्त्व आणि निदान यांनी सांगितलेले मनाचे महत्त्व त्या काळच्या वैद्यांनाही एकाच वेळी दिसत होते. सतराव्या शतकातल्या थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानेही मधुमेहाच्या कारणांत दीर्घ दुःखाचा उल्लेख केला आहे. त्यांची उपपत्ती आजची नव्हती, पण रुग्णाकडे ते नीट पाहत होते.

औषधालय

मी औषधविक्रेता आहे. निदान सरांनी जे सांगितले त्यात कामाच्या काही गोष्टी जोडतो, कारण माझ्या काउंटरवर हे रोज दिसते.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. जे शाकाहारी आहेत किंवा वयाने मोठे आहेत, त्यांच्यात हे जास्त दिसते. बी-१२ कमी झाले की थकवा, विसरभोळेपणा, पायांत मुंग्या आणि उदासी येते. पायांच्या मुंग्या मधुमेहाच्या नावावर जातात आणि उदासी वयाच्या नावावर. चौदा वर्षांच्या रुग्णाची ही तपासणी झालीच पाहिजे. तसेच थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी. थायरॉइड मंदावली तरी माणूस असाच मलूल होतो.

औषधांचेही पाहावे लागते. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड चालू असेल तर साखर आणि मनःस्थिती दोन्ही हलतात. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी असेल तर साखर उतरल्याची थरथर आणि धडधड झाकली जाऊ शकते, घाम मात्र येतो. पेठकर, आबांच्या सगळ्या गोळ्यांची पाने एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. नावे तोंडी सांगू नका.

संध्यादीप

मनाच्या गोळ्यांनी साखर वाढते असे आम्हाला एका नातेवाइकांनी सांगितले होते आणि त्या भीतीने आईचे औषध सहा महिने लांबले. यात तथ्य आहे का?

निदान

अर्धे तथ्य आहे, आणि अर्धे तथ्य जास्त घात करते. अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी ट्रायसायक्लिक औषधे आणि मिर्टाझापिन यांनी वजन वाढू शकते, वजनाबरोबर साखरही. ओलान्झापिनसारख्या औषधांनी तर साखर लक्षणीय वाढू शकते. परंतु आज नैराश्यासाठी साधारणपणे पहिल्यांदा दिली जाणारी एसएसआरआय गटातली औषधे बहुतेकांच्या साखरेला त्रास देत नाहीत. काहींची साखर थोडी खालीही येते, म्हणून सुरुवातीला मीटर जास्त वेळा लावायचा. ड्युलोक्सेटिन हे औषध नैराश्यावरही चालते आणि मधुमेही पायांच्या जळजळीवरही. म्हणजे मधुमेह आहे हे डॉक्टरांना माहीत असले, की निवड करता येते. कोणतेही औषध मनाने सुरू करू नये आणि मनाने अचानक बंदही करू नये.

अंतरीचे

मी मानसशास्त्रज्ञ आहे. पेठकर, आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तो थोडा मागे पडला आहे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, मन उदास असणे किंवा आवडीच्या गोष्टींतला रस जाणे, आणि त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता, स्वतःबद्दलचे मत यांत बदल होणे, हे नैराश्य तपासून घेण्याचे कारण आहे. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे. गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा त्याहून अधिक आले तर पुढे नीट तपासणी करतात. अडचण अशी की थकवा, झोपमोड आणि भुकेतला बदल ही मधुमेहाचीही लक्षणे आहेत. साखर २५० च्या वर राहिली तर माणूस रात्री चारदा लघवीला उठतो. त्याची झोपमोड मनामुळेच आहे असे म्हणता येत नाही. म्हणून मी रस जाणे आणि मन उदास असणे यांबद्दलच्या पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांकडे फार लक्ष देते. आबांनी मित्रांना परत पाठवणे मला भाकरी अर्धी टाकण्यापेक्षा अधिक बोलके वाटते.

नववा प्रश्न जगण्याची इच्छा उरली आहे का, याचा आहे. तो घरच्यांनीही सरळ, शांतपणे विचारावा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना कोणीतरी विचारले याचा सुटकारा वाटतो. जगण्याची इच्छा उरली नाही असे उत्तर आले तर त्या क्षणापासून त्यांना एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १४४१६ ही टेलि-मानसची सरकारी मोफत सेवा चोवीस तास चालू असते.

आणि वहीबद्दल. त्यांच्या शेऱ्याच्या रकान्याचा उपयोग करून घ्या. तिथे पूर्वी ‘लग्न’, ‘आंबा’ यायचे. आता तिथे झोप आणि मन यांना जागा द्या. आकडा चांगला की वाईट यावर घरात कोणी बोलायचे नाही, एवढी अट पाळा.

गूळभट्टी

मी पहिल्या प्रतिसादात जरा ठामपणे लिहिले होते. निदान सरांचे पाय मोडलेल्या माणसाचे उदाहरण डोक्यातून जात नाही. माझा धाकटा चुलतभाऊ मधुमेहाचाच. गेल्या वर्षी त्याने गुऱ्हाळावर येणे सोडले तेव्हा आम्ही त्याला आळशी म्हणालो. काल त्याच्याकडे जाऊन बसलो. फार बोलला नाही, पण मला उठूही दिले नाही.

तरी चालण्याबद्दलचे माझे मत कायम आहे. फक्त पद्धत बदलून सांगतो. पूर्ण रंकाळा मागू नका. पहिल्या दिवशी दारापासून कोपऱ्यापर्यंत, आणि बरोबर कोणीतरी. गुऱ्हाळाचे चुलवाणही पहिल्या मोळीला पेटत नाही.

शाहूपुरीकर

फिजिशियन एकीकडे, मनाचे डॉक्टर दुसरीकडे, आणि दोघांची गाठ कधीच पडत नाही, असे आमच्या बाबतीत झाले. एकाने दिलेले दुसऱ्याला ठाऊक नसायचे.

निदान

शाहूपुरीकर, ही खरी उणीव आहे आणि ती आमच्या व्यवसायाची आहे. भारतातल्या चार दवाखान्यांत मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ४०४ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटासाठी एक समन्वयक नेमला होता. तो रुग्णाशी संपर्क ठेवायचा, मनाची आणि साखरेची अशी दोन्ही मोजमापे एकत्र पाहायचा आणि तज्ज्ञांपुढे ठेवायचा. दोन वर्षांनी दुसऱ्या गटात उदासीची लक्षणे आणि साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांसारखी मोजमापे या दोन्हींत एकत्रितपणे जास्त सुधारणा दिसली. महागडे यंत्र नाही, नवे औषध नाही. कोणीतरी दोन्ही कागद एकाच टेबलावर ठेवले.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. इतक्या लोकांना मानसोपचारतज्ज्ञ पुरणार नाहीत, म्हणून बीपी मोजतो तशी मनाची विचारपूस प्रत्येक मधुमेह तपासणीत व्हायला हवी. पेठकर, तोपर्यंत आपल्या घरातला समन्वयक आपणच आहात. आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, बी-१२, टीएसएच, हिमोग्लोबिन, किडनी यांच्या तपासण्या करून घ्या, आणि त्याच भेटीत मनाबद्दल स्पष्ट सांगून मानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी मागा. एक संपले की दुसरे, असे करू नका.

पेठकर

दोन महिन्यांनी लिहितो आहे. मध्ये काही कळवले नाही, त्याबद्दल सर्वांची क्षमा मागतो.

आबांचे बी-१२ बरेच कमी निघाले. इंजेक्शने सुरू आहेत. थायरॉइड ठीक आहे. नऊ प्रश्नांत १६ गुण आले. मानसोपचारतज्ज्ञांनी सौम्य मात्रेत औषध सुरू केले आणि समुपदेशनाला आबा तीनदा गेले. पहिल्या भेटीत ते चाळीस मिनिटे फक्त अडतीबद्दल बोलले: निवृत्तीनंतर सौद्याला कोणी बोलावत नाही, गुळाची ढेप हातात घेऊन भाव सांगणारा माणूस आता कोणाला नको आहे. हे आम्हाला घरात कधी ऐकायला मिळाले नव्हते. नववा प्रश्न मी स्वतः विचारला. “तसं नाही रे, पण कंटाळा आलाय,” एवढे म्हणून त्यांनी माझा हात धरून ठेवला.

वहीबद्दल मी काहीच बोललो नाही. “शेऱ्यात झोपेचं लिहा, डॉक्टरांना बघायचंय,” एवढेच सांगून नव्या पट्ट्यांची डबी वहीवर ठेवली. चार दिवस ती तशीच राहिली. पाचव्या दिवशी वहीत २४७ लिहिलेले दिसले, आणि शेऱ्यात ‘झोप नाही’. मी मीटर उघडून पाहिला. त्यातही २४७ होते. त्यानंतर मी मीटर पाहिलेला नाही.

गूळभट्टींनी सांगितल्याप्रमाणे कोपऱ्यापासून सुरुवात केली. शाहूपुरीकरांचे ऐकून त्यांच्या दोन मित्रांना सांगून ठेवले होते. ते रोज कोपऱ्यावर उभे राहू लागले. मधले आठ दिवस पुन्हा वाईट गेले, तेव्हा ते दोघे घरी येऊन नुसते बसायचे. परवाची ओळ अशी आहे: उपाशीपोटी १६८, शेरा ‘गंगावेस’.

निदान सर, एक विचारायचे आहे. तीन महिन्यांची सरासरी आता करून घ्यावी का? आबांना ती पाहायची घाई झाली आहे.

निदान

घाई झाली आहे हे वाचून बरे वाटले. तरी एक महिना थांबा. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते आणि त्या चाचणीत जुन्या दिवसांचा हिशेब अजून मिसळलेला येईल. शिवाय बी-१२ च्या उपचाराने नव्या पेशी भराभर तयार होत असताना तो आकडा थोडा फसवा येऊ शकतो. तोपर्यंत आबांच्या वहीवरच विसंबा, आणि पुढच्या भेटीला ती वही बरोबर आणा.